माहिती कोणाची, काम कोणाचे? : क्लास डायग्रामची पहिली ओळख

डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले की विद्यार्थी चार शब्द पाठ करतात : एनकॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम. तोंडी परीक्षेत व्याख्या खडाखडा सांगता येतात. पण कोरा कागद पुढे ठेवून 'वाचनालयाच्या देवघेवीसाठी क्लास डायग्राम काढा' म्हटले की पेन्सिल अडते. याचे कारण असे, की व्याख्या ही या विषयात शेवटी हाती येणारी गोष्ट आहे. सुरुवात करायची असते ती दोन साध्या प्रश्नांपासून. ही माहिती कोणाकडे असायला हवी? आणि हे काम कोणी करायला हवे? या दोन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली की चारही संकल्पना आपसूक आपापल्या जागी बसतात. ती चुकली, तर जावा किंवा पायथन कितीही चांगली येत असली तरी वाढत्या प्रोग्रॅमचा गुंता होतो.

या लेखात आपण ते वाचनालयच घेऊ आणि एकेक चौकट काढत पुढे जाऊ. पण त्याआधी ही विचारपद्धती आली कुठून, ते थोडक्यात पाहायला हवे, कारण तिच्या जन्मातच तिचा हेतू दिसतो.

ओस्लोतली रांग

1960च्या दशकात नॉर्वेतील ओस्लो येथे नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेत क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे काम करत होते. त्यांना प्रत्यक्ष जगातल्या व्यवस्थांची संगणकावर नक्कल करून पाहायची होती. रांगा कुठे तुंबतात, एखादी खिडकी वाढवली तर काय फरक पडतो, अशा प्रश्नांसाठी. त्या काळच्या पद्धतीत प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची एक लांब यादी असे, आणि माहिती बाजूला वेगळी पडलेली असे. पण रांगेतल्या प्रत्येक वाहनाची स्वतःची माहिती असते आणि स्वतःचे वागणेही असते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर प्रोग्रॅम त्या व्यवस्थेसारखाच दिसू लागेल, हे त्यांच्या लक्षात आले.

पुलावरच्या टोलनाक्यापाशी ट्रक आणि बस यांची रांग लागली आहे, अशा उदाहरणावर ते काम करत होते. ट्रक वेगळा, बस वेगळी, पण रांगेत उभे राहण्यापुरती दोघांची वागणूक सारखी. मग हा सारखा भाग एकदाच लिहून दोघांनाही का देऊ नये? आज आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो, ती कल्पना या विचारातून पुढे आली. 1967मध्ये आलेल्या त्यांच्या सिम्युला 67 या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि सबक्लास या तिन्ही गोष्टी होत्या. या कामासाठी 2001चा ट्युरिंग पुरस्कार त्या दोघांना मिळाला.

पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द रूढ केला तो के यांनी. ऑब्जेक्ट एकमेकांना निरोप पाठवतात आणि त्यातून काम पुढे सरकते, यावर त्यांचा सगळा भर होता. बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. तिची मांडणी त्यांना आवडली, पण वेग कमी पडला. म्हणून 1979मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेला क्लासची जोड द्यायला सुरुवात केली, आणि 1983मध्ये तिला सी++ हे नाव मिळाले. 1991मध्ये पायथन आणि 1995मध्ये जावा लोकांसमोर आली. भाषा बदलत गेल्या, पण प्रश्न ओस्लोतलेच राहिले : माहिती कोणाची, काम कोणाचे?

कोरा अर्ज आणि भरलेला अर्ज

वाचनालयाचे सभासद व्हायला गेलात की छापील अर्ज मिळतो. नाव, पत्ता, फोन, सभासदत्वाचा प्रकार, अनामत रक्कम असे त्यात रकाने असतात. नमुना एकच, पण भरलेले अर्ज जितके सभासद तितके. क्लास म्हणजे तो कोरा नमुना आणि ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला अर्ज. फरक इतकाच, की क्लासमध्ये नुसते रकाने नसतात. त्या माहितीच्या आधारे कोणती कामे होतील, तेही त्यातच लिहिलेले असते. रकान्यांना ॲट्रिब्यूट म्हणतात आणि कामांना मेथड.

क्लास डायग्राममध्ये एका क्लाससाठी एक चौकट काढतात आणि तिचे आडवे तीन कप्पे करतात. वरच्या कप्प्यात नाव, मधल्या कप्प्यात माहिती, खालच्या कप्प्यात कामे :

सभासद
――――――――――――
− क्रमांक : पूर्णांक
− नाव : मजकूर
− अनामत : रक्कम
――――――――――――
+ पुस्तक घेऊ शकतो का() : हो किंवा नाही
+ येणे बाकी() : रक्कम

अपूर्णविरामानंतर (:) त्या माहितीचा प्रकार लिहितात. डावीकडच्या वजाचा अर्थ 'खासगी' : ही माहिती फक्त याच क्लासच्या आतून हाताळता येते. अधिकचा अर्थ 'सार्वजनिक' : हे काम बाहेरचा कोणीही सांगू शकतो. क्लास आणि त्याचे वारस यांच्यापुरती मर्यादित गोष्ट असेल तर # हे चिन्ह वापरतात.

ही चिन्हे सगळीकडे सारखी आहेत, पण ती नेहमीच तशी नव्हती. 1990च्या आसपास ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार याकोबसन अशा प्रत्येकाची आकृत्या काढण्याची वेगवेगळी पद्धत होती. एकाची आकृती दुसऱ्या पद्धतीत वाढलेल्या माणसाला लागत नसे. हे तिघे रॅशनल सॉफ्टवेअर या कंपनीत एकत्र आले आणि त्यांनी आपल्या पद्धतींचा मेळ घातला. त्यातून युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजेच यूएमएल, तयार झाली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने 1997मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली. त्यामुळे आज पुण्यात काढलेली चौकट ओस्लोतही तशीच वाचली जाते.

पुस्तक की प्रत?

आता खरे काम. बहुतेक विद्यार्थी वाचनालय म्हटले की 'सभासद' आणि 'पुस्तक' अशा दोन चौकटी काढतात. पुस्तकात शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक आणि 'सध्या कोणाकडे आहे' असे सहा रकाने भरतात. आकृती नीटनेटकी दिसते, पण ती चुकीची आहे.

वाचनालयात 'श्यामची आई'च्या चार प्रती आहेत असे समजा. या आकृतीप्रमाणे 'पुस्तक' क्लासचे चार ऑब्जेक्ट होतील, आणि साने गुरुजींचे नाव चार ठिकाणी लिहावे लागेल. एका ठिकाणी 'साने गुरुजी', दुसरीकडे 'पांडुरंग सदाशिव साने' असे लिहिले गेले की शोध घेताना निम्म्या प्रती सापडणारच नाहीत. उलट चार प्रतींसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवला, तर 'सध्या कोणाकडे आहे' या रकान्यात चार नावे कशी बसवायची?

आपला पहिला प्रश्न इथे विचारा : ही माहिती कोणाची? शीर्षक आणि लेखक हे पुस्तकाचे, म्हणजे त्या कृतीचे. दाखल क्रमांक मात्र हातात धरता येणाऱ्या प्रतीचा. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो, हे कोणत्याही ग्रंथपालाला माहीत असते. खरेदीची किंमतही प्रतीची, कारण दोन आवृत्त्यांची किंमत वेगळी असू शकते. बांधणी सुटली तर तीही एका प्रतीची. म्हणजे चौकटी दोन हव्यात : 'पुस्तक' आणि 'प्रत'. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात. ही विभागणी झाली की लेखकाचे नाव एकाच जागी राहते आणि प्रत्येक प्रतीचा प्रवास वेगळा लिहिता येतो.

आता परतीची तारीख कुठे ठेवायची? सभासदाकडे ठेवली, तर त्याने दोन पुस्तके नेल्यावर काय करायचे? प्रतीकडे ठेवली, तर आधी कोणी कधी नेली होती तो इतिहास पुसला जाईल. ही तारीख ना सभासदाची, ना प्रतीची. ती त्या दोघांमध्ये घडलेल्या व्यवहाराची आहे. म्हणून तिसरी चौकट काढायची : 'देवघेव'. तिच्यात दिल्याची तारीख, परतीची मुदत आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख. देवघेव ही वस्तू नाही, हातात धरता येत नाही, तरी तिची स्वतःची माहिती आहे आणि स्वतःचे नियम आहेत. एवढे असले की तिला क्लास होण्याचा पूर्ण हक्क आहे. वाक्यातली नामे शोधा आणि प्रत्येक नामाची चौकट करा, असा सल्ला नवशिक्यांना नेहमी दिला जातो. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण अशा व्यवहाराच्या चौकटी त्यातून हमखास निसटतात.

दंड कोण काढणार?

दुसरा प्रश्न कामाचा. उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड कोण काढणार? नवशिका प्रोग्रॅमर हे काम खिडकीवरच्या स्क्रीनच्या कोडमध्ये लिहितो : देवघेवीकडून तारखा मागवतो, वजाबाकी करतो, दराने गुणतो. काम होते. मग महिनाअखेरच्या अहवालातही दंड हवा असतो, तिथे तोच हिशेब पुन्हा लिहिला जातो. सभासदाला फोनवर संदेश पाठवायचा असतो, तिथे तिसऱ्यांदा. एके दिवशी वाचनालय ठरवते की सुट्टीच्या दिवसांचा दंड घ्यायचा नाही. दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरे राहून जाते आणि सभासदाला खिडकीवर एक रक्कम, फोनवर दुसरी दिसते.

तारखा देवघेवीकडे आहेत, तर दंडही तिनेच काढावा. बाहेरच्यांनी फक्त विचारायचे : दंड किती? देवघेवीच्या चौकटीत तारखांपुढे वजा लावायचा आणि 'दंड()' व 'परत घ्या()' या मेथडपुढे अधिक. मग तारीख परस्पर बदलता येत नाही, ती 'परत घ्या()' मधूनच बदलते आणि नियम एकाच जागी राहतो. माहिती आणि तिच्यावरचे काम एकत्र ठेवून आतली व्यवस्था बाहेरच्यांपासून झाकणे, यालाच एनकॅप्सुलेशन म्हणतात. आणि दंड कसा निघतो हे माहीत नसतानाही 'दंड किती' एवढे विचारून काम भागणे, ही ॲब्स्ट्रॅक्शनची बाजू.

रेषा आणि आकडे

चौकटी झाल्या की त्यांना रेषांनी जोडायचे. साधी रेषा म्हणजे 'यांचा एकमेकांशी संबंध आहे'. रेषेच्या दोन्ही टोकांशी आकडे लिहितात. 1 म्हणजे नेमका एक, 0..1 म्हणजे एक किंवा एकही नाही, * म्हणजे कितीही, शून्यसुद्धा. वाचण्याची रीत अशी : एका टोकाची एकच वस्तू घ्या आणि समोरच्या टोकाचा आकडा पाहा. एका सभासदासमोर * देवघेवी, एका देवघेवीसमोर 1 सभासद. एका पुस्तकासमोर * प्रती, एका प्रतीसमोर 1 पुस्तक. एका प्रतीच्या आजवर कितीही देवघेवी झालेल्या असतील, पण एका वेळी उघडी फक्त एकच. हा नियम आकड्यात मावत नाही, म्हणून तो महिरपी कंसात रेषेजवळ लिहून ठेवायचा.

हे आकडे लिहिताना व्यवहाराचे प्रश्न वर येतात. पुस्तकाची नोंद झाली पण प्रत अजून आलीच नाही, असे चालेल का? चालत असेल तर *, चालत नसेल तर 1..*. याचे उत्तर संगणकाच्या पुस्तकात नसते. ते ग्रंथपालाला विचारावे लागते.

काही संबंध साध्या ओळखीपेक्षा घट्ट असतात. वर्गणीची पावती घ्या. तिच्यात वर्गणी, अनामत, दंड अशा ओळी असतात. पावती रद्द झाली की त्या ओळींना वेगळे अस्तित्व उरत नाही. अशा संबंधात पावतीच्या टोकाला भरीव काळा चौकोनी हिरा काढतात. याला कंपोझिशन म्हणतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमामुळे परिचित झालेली ग्रंथपेटी मात्र वेगळी. पेटीत प्रती असतात, पण पेटी मोडली तरी प्रती कपाटात परत जातात, दुसऱ्या पेटीतही जातात. तिथे पेटीच्या टोकाला पोकळ हिरा काढतात. याला ॲग्रिगेशन म्हणतात. कोणता हिरा, अशी शंका आली तर एकच विचारा : पूर्ण वस्तू नाहीशी झाली तर भागाचे काय होईल? तरीही ठरत नसेल तर साधी रेषा ठेवा, तिने काही बिघडत नाही.

वारसा जपून द्यावा

नवशिक्यांना सर्वांत जास्त भुरळ पडते ती इनहेरिटन्सची. पोकळ त्रिकोणी टोकाचा बाण वारसाकडून मूळ क्लासकडे काढतात. पुस्तक आणि नियतकालिक ही दोन्ही वाचनसाहित्याची रूपे आहेत. शीर्षक आणि भाषा दोघांनाही आहे, म्हणून ती 'वाचनसाहित्य' या मूळ क्लासमध्ये. आयएसबीएन क्रमांक पुस्तकाचा, अंकाचा महिना नियतकालिकाचा. किती दिवसांसाठी द्यायचे, ते मात्र दोघांत वेगळे. पुस्तक पंधरा दिवस, मासिकाचा अंक सात दिवस असे धरू. 'मुदत()' ही मेथड मूळ क्लासमध्ये घोषित करायची आणि प्रत्येक वारसाने तिचे स्वतःचे उत्तर द्यायचे. देवघेव समोर काय आले आहे हे तपासत बसत नाही. ती फक्त 'तुझी मुदत किती' असे विचारते आणि ज्याचे त्याचे बरोबर उत्तर मिळते. प्रश्न एक, उत्तर ज्याचे त्याचे : हा पॉलिमॉर्फिझम. उद्या बोलकी पुस्तके आली तर एक नवा वारस जोडायचा. देवघेवीच्या कोडला हात लावावा लागत नाही. निव्वळ 'वाचनसाहित्य' असा ऑब्जेक्ट कधीच तयार होत नाही, म्हणून आकृतीत त्याचे नाव तिरक्या अक्षरांत लिहितात.

इथे यश आले की हात सैल सुटतो आणि विद्यार्थी लगेच 'बालसभासद', 'सर्वसाधारण सभासद', 'आजीव सभासद' असे सभासदाचे तीन वारस काढतो. कागदावर ते शोभून दिसतात. पण बालसभासद मोठा होतो. सर्वसाधारण सभासद एकरकमी वर्गणी भरून आजीव होतो. जावा किंवा सी++ मध्ये ऑब्जेक्टचा क्लास तो तयार होताच ठरतो, पुढे बदलत नाही. मग जुना ऑब्जेक्ट मोडून नवा करायचा आणि त्याच्या सगळ्या देवघेवी इकडून तिकडे हलवायच्या, अशी कसरत सुरू होते. पुस्तक कधी मासिक होत नाही, पण सभासदाचा प्रकार बदलतो. म्हणून प्रकार हा सभासदाचा वारस नसून त्याच्याशी जोडलेली वेगळी चौकट असावी : 'सभासदत्व योजना'. तिच्यात वर्गणी, एका वेळी मिळणारी पुस्तके आणि दंडाचा दर. सभासद मोठा झाला की जोडलेली योजना बदलायची, सभासद तोच. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांच्या 1994मधील 'डिझाइन पॅटर्न्स' या गाजलेल्या पुस्तकाचाही सल्ला हाच आहे : वारशाने मिळवण्यापेक्षा जोडून घेण्याला प्राधान्य द्या.

वारशाची आणखी एक कसोटी बार्बरा लिस्कोव यांनी 1987मध्ये मांडली. मूळ क्लास जिथे चालतो, तिथे वारस बिनतक्रार चालला पाहिजे. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत. 'संदर्भग्रंथ' हा पुस्तकाचा वारस केला आणि 'मुदत()' विचारल्यावर त्याने 'मी घरी जातच नाही' असे उत्तर दिले, तर मूळ क्लासने दिलेला शब्द मोडला. शिवाय एकाच शब्दकोशाची एक प्रत संदर्भासाठी राखून दुसरी घरी देणारी वाचनालये असतात. म्हणजे 'फक्त संदर्भासाठी' ही माहिती पुस्तकाची नाही, प्रतीची आहे. पहिला प्रश्न विचारला असता तर वारसाची गरजच पडली नसती.

आकृतीची परीक्षा

आकृती पूर्ण झाली की तिच्यावरून एक प्रसंग चालवून पाहायचा. सभासद उशिरा पुस्तक घेऊन आला. प्रतीचा दाखल क्रमांक वाचला. प्रतीने आपली उघडी देवघेव शोधून दिली. देवघेवीला 'परत घ्या()' सांगितले. तिने तारीख लिहिली, सभासदाच्या योजनेकडून दर विचारला आणि दंडाची रक्कम सांगितली. प्रत्येक पायरीवर निरोप कोणी कोणाला पाठवला, ते बोटाने रेषांवरून फिरवता आले पाहिजे. जिथे रेषा नाही पण निरोप पाठवावा लागतो, तिथे काहीतरी राहिले आहे. जिथे एकच चौकट सगळी कामे करते आणि बाकीच्या नुसत्या रकाने सांभाळत बसतात, तिथे कामाची वाटणी फसली आहे.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989मध्ये यासाठी सोपी युक्ती सुचवली. प्रत्येक क्लाससाठी एक छोटे कार्ड. त्यावर वर नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्या पार पाडायला कोणाची मदत लागते. कार्ड मुद्दाम लहान ठेवायचे. जबाबदाऱ्या कार्डावर मावेनाशा झाल्या की क्लास फोडायची वेळ आली. चार मित्रांनी एकेक कार्ड हातात घेऊन वरचा प्रसंग बोलून पाहिला, तर तासाभरात बऱ्याच चुका उघड्या पडतात.

शिकताना सॉफ्टवेअरची वाट पाहू नका, कागद आणि खोडरबर पुरे. वाचनालय झाले की आपल्या ओळखीची एखादी व्यवस्था घ्या : दूध संकलन केंद्र, महिला बचत गट, एसटीचे आरक्षण. दुधाची फॅट गायीची, शेतकऱ्याची की त्या वेळच्या संकलनाची? कर्जाचा हप्ता सभासदाचा की कर्जाचा? आसन क्रमांक बसचा की त्या दिवशीच्या फेरीचा? आकृती काढून झाली की ती केंद्राच्या सचिवाला किंवा गटाच्या अध्यक्षांना दाखवा, चौकटी मोठ्याने वाचून दाखवा. प्रोग्रॅमिंगचे एक अक्षर माहीत नसतानाही त्या 'असे नसते हो, आमच्याकडे एका सभासदाची दोन कर्जे असतात' असे म्हणाल्या, तर तुमची आकृती त्यांना समजली आहे आणि तिच्यातली एक चूक कोड लिहिण्याआधीच सापडली आहे. क्लास डायग्राम काढायचा तो एवढ्यासाठीच.